गप्प बसलात, की यंत्राला वाटतं पटलं

मागे घरात भिंतीला भोकं पाडायचं काम निघालं होतं. सलग तीन दिवस सकाळी ड्रिल चालायचं, सिमेंटचा भुगा पडायचा, आणि साडेअकराच्या सुमाराला कारागीर गेला की मी फरशी झाडणाऱ्या रोबोटचं बटण दाबायचो. चौथ्या दिवशी फोनवर निरोप आला: ‘तुम्ही साधारण साडेअकराला सफाई करता असं दिसतं. रोज त्याच वेळी सुरू करू का?’

तोवर भिंतीचं काम संपलं होतं, भुगाही उरला नव्हता. मला हसू आलं, पण त्या बिचाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं. ड्रिल त्याने पाहिलेलं नाही. भुगा कशाचा हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याच्या वहीत तीन नोंदी होत्या आणि तिन्ही एकाच वेळेच्या. या नोंदींवरून तुम्ही-आम्हीही तोच निष्कर्ष काढला असता.

घरगुती यंत्रं ‘तुमच्या सवयी ओळखतात’, ‘तुमच्याशी जुळवून घेतात’ असं हल्ली खोक्यावर छापलेलं असतं. या जुळवून घेण्याच्या पोटात नेमकं काय चालतं ते पाहू. बराचसा प्रकार वाटतो त्यापेक्षा साधा आहे, आणि जिथे तो फसतो तिथे बहुतेक वेळा त्या भुग्यासारखंच काहीतरी घडलेलं असतं.

आधी रोबोट कशाला म्हणायचं ते ठरवू. हातपाय आणि डोळे असलेला माणूसछाप पुतळा डोक्यातून काढून टाका. सेन्सरने आजूबाजूचं टिपायचं, त्यावरून काहीतरी ठरवायचं आणि मग स्वतःहून एखादी कृती करायची, या तीन गोष्टी जे करतं ते आपल्यापुरतं रोबोट. या हिशेबात खोलीचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट कुंपणावर बसतो, कारण तिन्ही गोष्टी तो करतो, पण जागचा हलत नाही. पण सवयी शिकण्याची गोष्ट त्याच्यात सगळ्यात उघडपणे दिसते, म्हणून त्यालाही आत घेतो.

कपड्यांच्या घड्या घालणारा, भांडी आवरणारा रोबोट अजून घरोघरी का नाही, असं कुणी विचारलं तर मी टॉवेलची गोष्ट सांगतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी एका दोन हातांच्या रोबोटला टॉवेलची घडी घालायला शिकवलं. त्याने एकामागून एक पन्नास टॉवेल न चुकता घडी करून ठेवले, आणि त्या काळात ही मोठी मजल होती. फक्त एका टॉवेलला सुमारे २५ मिनिटं लागायची. कापड प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने चुरगळतं, त्यामुळे त्याचा कोपरा कुठे आहे हे शोधण्यातच त्याचा वेळ जायचा. आज वेग खूप वाढलाय, पण हातांचं काम चाकांच्या कामाहून अवघड हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. घरात पहिल्यांदा शिरला तो चाकांवरचा चपटा गोल डबा, याचं कारण हेच.

इलेक्ट्रोलक्स कंपनीचा ट्रायलोबाइट हा फरशी झाडणारा रोबोट २००१ मध्ये बाजारात आला आणि २००२ मध्ये रूम्बा. रूम्बा काढणारी आयरोबॉट ही कंपनी एमआयटीतल्या रॉडनी ब्रूक्स, कॉलिन अँगल आणि हेलन ग्रायनर यांनी १९९० मध्ये सुरू केली होती. पहिल्या रूम्बाकडे घराचा नकाशा नव्हता आणि आठवणही नव्हती. गोल गोल फिरायचं, भिंत लागली की तिच्या कडेने जायचं, कशाला आपटलं की तोंड फिरवून दुसरीकडे निघायचं. पुरेसा वेळ दिला तर अशा भरकटण्यातही बरीचशी फरशी चाकांखालून जाते, या भरवशावर सगळं चालायचं. तुमच्या घरातला त्याचा शंभरावा दिवसही पहिल्या दिवसासारखाच. जुळवून घेणं तर सोडाच, आपण काल याच घरात होतो हेही त्याला माहीत नसायचं.

आठवण ठेवायची म्हणजे आधी नकाशा हवा, आणि इथे आधी कोंबडी की आधी अंडं असा पेच येतो. नकाशा काढायचा तर मी कुठे उभा आहे हे माहीत हवं. मी कुठे उभा आहे हे कळायला नकाशा हवा. दोन्ही एकदमच करावं लागतं. या प्रश्नाला आणि त्याच्या उत्तरांच्या सगळ्या कुळीला या क्षेत्रातले लोक ‘स्लॅम’ म्हणतात.

कल्पना करा, अनोळखी घरात रात्री दिवे गेलेत आणि तुम्ही चाचपडत निघालात. दारापासून सात पावलं, मग हाताला कपाट लागलं. उजवीकडे वळून पाच पावलं, मग खिडकीची चौकट. पावलं मोजताय, पण प्रत्येक पाऊल सारखं पडत नाही, त्यामुळे अंदाजात दर पावलाला थोडी चूक शिरते आणि साठत जाते. रोबोटचंही तेच होतं. चाकं किती फिरली ते तो मोजतो, पण सतरंजीवर चाक थोडं घसरतं आणि हिशेब बिघडतो. मग चाचपडता चाचपडता तुमच्या हाताला एकदम ओळखीची कडी लागते. अरे, हे तर आपण निघालो तेच दार! त्या क्षणी तुम्हाला फक्त आत्ताची जागा कळत नाही, तर मघाशी कपाट आणि खिडकी यांच्या बाबतीत अंदाज किती चुकला होता तेही उलगडतं आणि डोक्यातला सगळा नकाशा मागे जाऊन दुरुस्त होतो. रोबोट नेमकं हेच करतो. काही रोबोट तर ‘मी इथेच आहे’ असं कधी ठामपणे म्हणतच नाहीत. ‘बहुधा इथे, कदाचित दोन हात पलीकडे, क्वचित त्या खोलीत’ असे शेकडो अंदाज ते एकाच वेळी बाळगतात आणि पुढच्या प्रत्येक खुणेसरशी न जुळणारे अंदाज टाकून देतात. २०१० मध्ये नीटो कंपनीने डोक्यावर फिरता लेझर असलेला रोबोट आणला आणि २०१५ च्या रूम्बात कॅमेरा आला, तेव्हापासून ही चाचपडण्याची कामं बरीच सोपी झाली.

इथवर त्याने जुळवून घेतलं ते घराशी. घरातल्या माणसाशी जुळवून घेणं हे निराळंच प्रकरण आहे. भिंत काल होती तिथेच आज असते. माणसाचं तसं नाही.

माणसाची सवय शिकायची सगळ्यात साधी रीत म्हणजे सरकती सरासरी. समजा तुम्ही सातला उठता असा यंत्राचा अंदाज आहे आणि त्याप्रमाणे ते पाणी तापवून ठेवतं. आज तुम्ही आठला उठलात. यंत्र लगेच आठ धरत नाही. जुना अंदाज आणि आजची वेळ यांत जो फरक पडला, त्याचा पाचवा भाग ते पुढे सरकतं, म्हणजे नवा अंदाज ७:१२. उद्याही आठ वाजले तर ७:२२, परवाही आठ तर ७:२९. आता पाचव्या भागाऐवजी निम्मा फरक धरला तर काय होईल? पहिल्याच दिवशी ७:३०, मग ७:४५, आणि तिसऱ्या दिवशी जवळजवळ ७:५३. हे यंत्र चटपटीत वाटेल. पण तुम्ही तीन दिवस सुट्टीवर होता म्हणून उशिरा उठत होता, आणि चौथ्या दिवशी सातलाच उठून आंघोळीला गेलात, तर नळाला थंड पाणी. भरभर शिकणारं यंत्र भरभर बहकतंही. हळू शिकणाऱ्या यंत्राची मात्र, तुमची नोकरी बदलली, बाळ झालं तरी जुनीच रट चालू राहते. किती भाग सरकायचं हा एक आकडा आहे आणि तो कुठल्यातरी इंजिनिअरने तुमचं घर न पाहता ठरवलेला असतो. सोमवार आणि रविवार वेगळे ठेवणं, एखादाच विचित्र दिवस वगळणं असे सुधारलेले प्रकार असतात, पण मूळ गणित या एवढ्यावर उभं आहे.

दुसरी रीत जास्त धूर्त आहे. ती समजून घ्यायला १९९० च्या दशकातल्या एका घरात जाऊ. अमेरिकेत बोल्डर इथे कोलोरॅडो विद्यापीठातले मायकल मोझर यांनी स्वतःच्या राहत्या घरात, जे मुळात एक जुनी शाळा होती, सुमारे ७५ सेन्सर बसवले आणि दिवे, खोल्यांची ऊब आणि गरम पाणी यांचा ताबा न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकत जाणाऱ्या गणितावर, चालणाऱ्या एका प्रणालीकडे दिला. वेळापत्रक भरायचं नाही, बटणांची नवी पाटी नाही. नेहमीचीच बटणं नेहमीसारखी वापरायची, आणि प्रत्येक वापर हा घराला दिलेला धडा. अंधारात तुम्ही बटण दाबलंत, म्हणजे घर चुकलं. वीज जळली तर तिचा खर्च, आणि तुमची गैरसोय झाली तर तिलाही पैशांत किंमत लावलेली. दोन्हींची बेरीज कमीत कमी ठेवायची, एवढंच त्या घराला सांगितलेलं होतं. माणूस पुढच्या दोन सेकंदांत कुठल्या खोलीत शिरेल याचाही ते अंदाज बांधायचं, कारण दिव्याला आदेश पोचायला थोडा वेळ लागत होता आणि तोवर माणूस अंधारात पाऊल टाकून मोकळा झालेला असायचा.

या घराची मला सगळ्यात आवडलेली खोड म्हणजे ते अधूनमधून मुद्दाम चाचपून पाहायचं. दिवा नेहमीपेक्षा थोडा मंद ठेवायचा. माणसाने बटण दाबून वाढवला, तर ठीक, चूक झाली. नाहीच दाबलं, तर याला एवढा उजेड पुरतो अशी नोंद करायची आणि वीज वाचवायची. तांत्रिक भाषेत याला शोधक वर्तन म्हणता येईल. घरगुती भाषेत, मूल आईच्या तोंडाकडे बघत बघत एकेक पाऊल अंगणाबाहेर टाकतं, तसला प्रकार. असं केल्याशिवाय यंत्राला कधीच कळणार नाही की तुम्ही खरंच एवढा उजेड मागत होता की फक्त आहे म्हणून चालवून घेत होता.

पण इथेच सगळी गोम आहे. आपल्याकडे म्हणतातच, मौन म्हणजे संमती. या यंत्रांनी ते वाक्य अक्षरशः घेतलंय. तुम्ही काही केलं नाहीत, म्हणजे तुम्हाला पटलं. आता माणूस काही करत नाही याची कारणं मोजा. पटलंय. लक्षात आलेलं नाही. लक्षात आलंय पण उठायचा कंटाळा आला. हात पिठात आहेत. बटण कुठे असतं तेच माहीत नाही. घरात पाहुणा आहे आणि दुसऱ्याच्या घरी तापमान बदलायला त्याला संकोच वाटतो. थर्मोस्टॅटने ऊब दोन अंशांनी कमी केली, तुम्ही कुरकुरत स्वेटर चढवला, आणि यंत्राने वहीत लिहिलं: मालक खूश. उद्या आणखी अर्धा अंश कमी. शिवाय आता त्याच्याकडे जी माहिती जमतेय ती त्याच्याच कृतीमुळे घडलेली आहे, ते स्वतःचाच प्रतिध्वनी ऐकून मान डोलावतंय. शिकणाऱ्या यंत्रांबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर मी ही ठेवीन, कारण चेहरे ओळखणं वगैरे चमत्कार दर दोन वर्षांनी सुधारतात, हा घोळ मात्र तसाच राहतो.

नसणं आणि गप्प असणं यांतही त्याची गफलत होते. बऱ्याच उपकरणांतला माणूस ओळखणारा सेन्सर खरं तर माणूस ओळखत नाही, ऊब असलेली एखादी गोष्ट हलली तर टिपतो. पुस्तकात तासभर गढून गेलेला माणूस त्याच्या लेखी घराबाहेर गेलेला असतो. पाठ टेकून निवांत वाचताय आणि एकदम दिवा मालवला, मग हात हवेत हलवून ‘अरे, मी आहे इथे’ असं खोलीला सांगावं लागतं, हा अनुभव अनेकांनी घेतला असेल.

दोन माणसं असली की आणखी गंमत. एकाला २० अंश हवे, दुसऱ्याला २४. दिवसभर दोघं आळीपाळीने कळ फिरवतात. यंत्राला दिसतो तो एकच मालक, जरा चंचल स्वभावाचा. ते शहाणपणाने २२ वर येऊन थांबतं आणि आता दोघंही नाराज.

याच्या अगदी उलट टोकाला पारो आहे. जपानमध्ये ताकानोरी शिबाता यांनी बनवलेला, पांढऱ्या लवेचा, सीलच्या पिल्लासारखा दिसणारा हा रोबोट प्रामुख्याने स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सोबत म्हणून वापरतात. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. त्याची शिकण्याची पद्धत एकदम उघड आहे. त्याला कुरवाळलं की त्याच्या आधी आपण काय केलं होतं ते तो आठवतो आणि पुन्हा करू पाहतो. फटका मारला तर ते टाळतो. ठेवलेल्या नावाने हाक मारत राहिलं की त्या नावाला ओ देऊ लागतो. इथे मौनाचा अर्थ लावायचीच गरज नाही, कारण कुरवाळणारा हात काही चुकून कुरवाळत नाही. शिवाय शाबासकी लगेच मिळते. आधी मी काय केलं म्हणून हे बक्षीस मिळालं, हे ओळखणं शिकणाऱ्या यंत्राला फार जड जातं, आणि मध्ये जितका वेळ जातो तितकं ते अवघड होतं.

जुळवून घेण्याचा एक हिशेब खोक्यावर छापलेला नसतो, तो म्हणजे आपण यंत्राशी किती जुळवून घेतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ च्या सुमाराला रूम्बा असलेल्या घरांचा अभ्यास केला. लोकांनी त्याला नावं ठेवली होती, अगदी माणसाला ठेवावीत तशी. आणि त्याची अडचण होऊ नये म्हणून घरातलं सामान हलवलं होतं. वायरी उचलून बांधायच्या, झालर असलेली सतरंजी गुंडाळून ठेवायची, खुर्च्या टेबलावर चढवायच्या. मीही करतो. तो निघण्याआधी मी जमिनीवरच्या चपला, चार्जर, पिशव्या गोळा करत खोलीभर फिरतो, आणि तेवढ्या वेळात केर काढून झाला असता असं घरातून ऐकवलंही जातं. कोण कुणाला शिकवतंय हा प्रश्न तसा रास्त आहे.

मग ही सगळी शिकवण साठते कुठे? काही उपकरणं ती स्वतःच्या पोटात ठेवतात, बरीचशी कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात. हा फरक नीट विचारून घ्यावा असा आहे. जिबो नावाचा टेबलावर बसणारा रोबोट २०१७ मध्ये घरांत पोचला. मान वळवून बघायचा, घरातली माणसं ओळखायचा, नाचायचा. २०१९ मध्ये त्याने स्वतःच्याच आवाजात मालकांना सांगितलं की आपले सर्व्हर लवकरच बंद होणार आहेत. मुलांशी बोलणाऱ्या मॉक्सी या रोबोटच्या बाबतीत डिसेंबर २०२४ मध्ये असंच झालं, कंपनीने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं आणि सहा-सात वर्षांच्या मुलांना हे कसं समजवायचं हा प्रश्न आईबापांसमोर उभा राहिला. यंत्र धडधाकट होतं. त्याचं शिकणं दुसरीकडे राहत होतं, आणि ती जागा बंद झाली.

माहिती बाहेर जाते तेव्हा ती कुणाकुणाच्या डोळ्यांखालून जाते हाही भाग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू या नियतकालिकाने छापलं की रूम्बाच्या चाचणीतल्या यंत्रांनी टिपलेली घरातली छायाचित्रं, त्यांत शौचालयात बसलेल्या एका स्त्रीचंही, समाजमाध्यमांवरच्या बंदिस्त गटांत पोचली होती. फोटोतली वस्तू खुर्ची की मांजर हे यंत्राला शिकवण्यासाठी माणसं हाताने खुणा करतात, त्या कामाच्या साखळीतून ती बाहेर पडली. ही विक्रीतली यंत्रं नव्हती आणि चाचणीला होकार दिलेल्या लोकांच्या घरांतली होती, असं कंपनीचं म्हणणं. होकार देताना कुणाच्या मनात काय होतं, तो भाग निराळा. काही ठिकाणी कायदा आधीच आडवा येतो. सोनीचा कुत्रा, आयबो, चेहरा ओळखून माणसागणिक वेगळा वागतो. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात चेहऱ्याच्या माहितीविषयीचा कायदा कडक आहे, म्हणून सोनी तिथे तो विकत नाही.

असलं एखादं यंत्र घरात आणलंच, तर पहिले पंधरा दिवस त्याच्याशी नव्या मदतनीसाशी वागावं तसं वागावं असं माझं मत. काही खटकलं तर गप्प बसू नका, लगेच बटण दाबून दुरुस्त करा, तासाभराने नको. पाहुणे येणार असतील, कुणी आजारी असेल, भिंतीचं काम निघालं असेल, तर शिकणं तात्पुरतं बंद ठेवायची सोय सेटिंगमध्ये असते का ते शोधा. नसेल तर निदान हाताने चालवा आणि त्याच्या सूचना मान्य करू नका. घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं करता येत असेल तर करा, नाहीतर ते २२ अंश नशिबी येतात. आणि यंत्र कुणाला देऊन टाकताना आधी त्याची स्मृती पुसा. त्यात तुमच्या घराचा नकाशा असतो आणि तुम्ही घरी कधी नसता तेही.

हल्ली बोलून सांगता येणारी यंत्रं येताहेत, आणि या सगळ्यात मला खरा फरक तिथे पडेलसं वाटतं. ‘आज भुगा पडलाय म्हणून झाड, रोज नको’ एवढं वाक्य समजलं, तर तीन नोंदींवरून सवय ओळखायची वेळच येणार नाही. कारण सांगता येणं ही बटणाला कधीच न जमलेली गोष्ट आहे. अर्थात बोललेलं चुकीचं ऐकलं तर चुकीचं कारणही तितक्याच विश्वासाने लक्षात राहील.

माझा रोबोट बोलण्यातला नाही. त्या सूचनेवर मी ‘नको’ दाबलं. दोन आठवड्यांनी एका बुधवारी आणि लगेच गुरुवारी हातून डबा निसटून साबणाची पूड सांडली, दोन्ही वेळा दुपारी चारला. शुक्रवारी पावणेचारला मी डबा वरच्या फळीवर ठेवला आणि फोनकडे बघत बसलो.